निल्लु

ठिपकी आता अकरा वर्षांची.
डोळ्यांत ताक उतरलंय.
परड्यात कोंबडीचा वास आला तरी
पुढचा पाय उचलते, शेपूट ताठ,
आणि तशीच राहते चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत,
असं बायको म्हणते.
बायकोला वाढवून सांगायची सवय आहे. पण फार नाही.

हुक्केरीहून बसाप्पा आलाय,
बाजाराच्या पिशवीत पिल्लू घेऊन. साठ दिवसांचं.
"मामा, एका महिन्यात तयार होतंय न्हवं?"
मी म्हटलं, चहा घे.

साठ दिवसांच्याला शिकवायचं नसतं,
बघायचं असतं.
बांबूला दोरा, दोऱ्याला लाव्याचं पीस.
अंगणात उडवायचं, टेकवायचं.
ते झेपावतं, चुकतं, परत चुकतं,
आणि मग एकदा, कुणी न सांगता,
थांबतं.
तेवढंच. पीस काढून खिशात घालायचं.
पुन्हा पुन्हा दाखवलंस तर त्याचा खेळ होतो.

पाचव्या महिन्यात एकच शब्द.
भाकरीच्या काल्यापुढे निल्लु. उंबऱ्यावर निल्लु.
अण्णा हुकूम कन्नडात द्यायचे.
घरात दिवसभर शिव्या मराठीत,
मुक्या जनावराची गल्लत नको.
गल्लत आमची झाली.
अजून कुणी हुबळीच्या स्टँडवर "निल्लु" ओरडलं
की माझा एक पाय वरच राहतो.

जोंधळा निघाला की काकतीच्या माळाखाली
तीस हात दोर, वारा तोंडावर,
नऊ महिन्यांचं कुत्रं आणि तू.
बोलायचं नाही.
नाक कुणी कुणाला शिकवत नाही.
तू फक्त दोर हातातून जाऊ द्यायचास,
तळवा भाजला तरी.

आता लवंगीचं सांगतो. हे मी सगळ्यांना सांगत नाही.
लवंगी आठ महिन्यांची होती,
कॅम्पातले पाहुणे आलेले, त्यांना घाई,
आणि मला त्यांच्यापुढे मिरवायचं होतं.
तिच्या डोक्यावरून बार काढला.
लावा पडला. लवंगी तीन दिवसांनी सापडली,
मार्कंडेयच्या काठी, उसात.
पुढे कुकरची शिट्टी झाली तरी खाटेखाली.
गणपतीचे अकरा दिवस कणगीमागे.
म्हणून म्हणतो,
आधी ती जेवत असताना लांब, पार बांधापलीकडे
तांब्यावर पळी वाजवायची.
पुढल्या आठवड्यात दहा पावलं जवळ.
बाराचं नाव दीड वर्षाआधी काढायचं नाही.

"आणि बार कुठला आता, मामा?"
खरंय. बंदूक निवडणुकीत ठाण्यात जमा केली
ती आणलीच नाही.
कायदा तर त्याच्याही आधीचा.
तेव्हाही माहीत होता.

गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीची एक पोरगी आली,
दानव्वा, वही घेऊन. लावे मोजूलीय म्हणाली.
ठिपकी थांबायची, ती लिहायची,
पाखरू भुर्र, आणि कुणी पडायचं नाही.
ठिपकी दर खेपेला वळून माझ्याकडे बघायची.
"तुम्ही किती मारले असतील, काका?"
म्हटलं, आठवत नाही.
आठवतात.

बसाप्पाचा चहा गार झाला.
पिल्लू पिशवीतून निसटून परड्यात,
आणि एकदम पाय रोवून उभं, ठिपकीच्या मागे.
पुढचं थांबलं की मागच्यानं मान राखून थांबायचं,
हे दोन वर्षांआधी येत नाही,
असं मी तीस वर्षं सांगत आलोय.

ठिपकी कशावर थांबलीय पाहिलं.
परड्यात काही नाही. कोंबड्या कधीच्या खुराड्यात.
तिचं नाक सरळ माझ्याकडे,
छातीच्या डाव्या बाजूला,
जिथं खिसा, खिशात ते पीस.

लावा अशा वेळी पळत नाही.
पोट जमिनीला लावून बसतो,
वाटतं त्याला, दिसत नसेन.

"काय झालं, मामा?" बसाप्पा उठायला लागला.
ओठ न हलवता
मी त्याला म्हटलं, निल्लु.